हिंदी महासागरातली मोकळी जागा

आदरणीय सुलोचना ओव्हाळबाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात प्राध्यापक लिहीत आहेत, मुख्याध्यापक लिहीत आहेत, बाईंचे मोठ्या हुद्द्यांवर पोहोचलेले विद्यार्थी लिहीत आहेत. त्यांच्या पंगतीत हा कोण, असं वाचकांना वाटेल. मी बाईंच्या वर्गात एक दिवसही बसलेलो नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मी कामशेतचा बोर्ड पेंटर. जे येतं ते स्वतःच्या हाताने आणि डोळ्याने शिकलो. मापात एका सुताची चूक करत नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी मोजायला जात नाही. बाई सोडून.

पहिली भेट झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि बाई खाली. कामशेतच्या बाजारपेठेत तांदळाच्या एका दुकानाची पाटी रंगवत होतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. खाली एक बाई हातात कापडी पिशवी घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, दुकान कधी उघडतंय याची वाट पाहत असतील.

"अक्षरं अंदाजानं काढता, की मापून?" त्यांनी विचारलं.

"मापून. अंदाजानं काढणारे पुढच्या चौकात भेटतील."

"मग आफ्रिका कराल का?"

लोणावळ्यात कोणी नवं हॉटेल काढलं असेल, असा माझा समज झाला. तिकडे हॉटेलांना काय वाटेल ती नावं असतात. मी म्हटलं, "करू की. किती खोल्या आहेत?"

"त्रेपन्न," बाई म्हणाल्या. "पण खोल्या नाहीत, देश."

तेव्हा त्रेपन्नच होते. आता चोपन्न आहेत. चोपन्नावा मी या हाताने काढला आहे.

बाई औंढ्याच्या. रोज लोणावळ्याहून गाडीने कामशेतला येऊन शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेकडे नकाशा होता एकच, कापडी, त्यातला सहारा कसरीने खाल्लेला. बाईंनी मैदानाकडची सबंध भिंत मागून घेतली होती. बारा फूट उंच, पंधरा फूट लांब. एवढी आफ्रिका तिच्यावर हवी होती, आणि शेवटच्या बाकावरून नव्हे, तर मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून दिसायला हवी होती. मी काम घेतलं, पण एक अट घातली. खाली उजव्या कोपऱ्यात, मादागास्करच्या खाली, हिंदी महासागरात माझं नाव येईल. चार इंची अक्षरात. दुकानांच्या पाट्या दोन वर्षांत बदलतात, शाळेची भिंत टिकते. नववीत सोडलेल्या शाळेच्या भिंतीवर आपलं नाव लागलं तर ते मला हवं होतं. (शाळा तीच, बाई तिथे माझ्यानंतर आलेल्या, आणि हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.)

"घाला की," बाई म्हणाल्या. "नकाशा पुरा झाला की घाला."

हे वाक्य मी नीट ऐकलं नाही. पुढची सत्तावीस वर्षं ते ऐकत आलो.

भिंतीला पांढरा हात दिला, दोरी मारून फुटाफुटाच्या चौकटी पाडल्या, शाळेच्या जुन्या नकाशासंग्रहावर पेन्सिलीने तेवढ्याच चौकटी आखल्या आणि चौकटीमागून चौकट उतरवत गेलो. उत्तरेकडच्या पुष्कळशा सीमा पट्टीने मारल्यासारख्या सरळ, त्यामुळे काम भराभर झालं. मी बाईंना म्हटलं, "हे लोक हुशार दिसतात. सरळ रेघ, भांडणच नको."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला सोपं गेलं ना? ज्यांनी आखलं त्यांनाही सोपं गेलं. तेही तिथले नव्हते. दुसऱ्या खंडात टेबलाशी बसून आखत होते. पेंटर, तुमच्या मामांच्या शेतातून मोठा रस्ता गेला, तेव्हा काय झालं?"

"विहीर इकडं आणि खळं तिकडं."

"तसं इथं गुरं इकडं आणि कुरण तिकडं झालं. भाऊ एका देशात, बहीण दुसऱ्या देशात."

त्या दिवसापासून सरळ रेघ मारताना माझा हात जरा अडखळतो. पाटीच्या धंद्याला ते बरं नाही, पण काय करणार!

नवव्या दिवशी देश भरून झाले, आणि मधे मधे बरीच मोकळी जागा उरली. आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे अर्धवट काम. गिऱ्हाईक लगेच म्हणतं, इथं एक फूल टाका, तिथं एक मोर टाका. मी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. मध्यभागी हत्ती काढला, पूर्वेला सिंह, आणि खाली भाला घेतलेला एक उघडा माणूस. हत्ती तर असा उतरला होता की शाळेचे शिपाई धोंडूभाऊ काम सोडून समोर बसून राहिले.

बाई आल्या. हत्तीची तारीफ केली, मनापासून केली. मग म्हणाल्या, "पण तो जिथं उभा आहे तिथं माणसं राहतात. त्यांना बसायला जागा ठेवली नाही तुम्ही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात नावं होती. हौसा, योरुबा, आकान, तुआरेग, ओरोमो, सोमाली, किकुयू, मसाई, चेवा, झुलू, सान. प्रत्येक नावापुढे दोन ओळी: काय पिकवतात, घर कशाचं बांधतात, भाषा कोणती. सिंहाच्या पोटात चार नावं बसली. वाळवंटाच्या काठावर, जिथे मी खजुराचं एकटं झाड काढलं होतं, तिथे एक शहर होतं, आणि त्या शहरात शेकडो वर्षांपूर्वी हस्तलिखितांचे ढीगच्या ढीग होते. दक्षिणेला दगडावर दगड रचून, चुना न वापरता बांधलेल्या प्रचंड भिंती होत्या. "आपल्या भातखाचरांच्या ताली कोरड्या दगडांच्या असतात ना," बाई म्हणाल्या, "तसं काम. पण उंची बघाल तर मान दुखेल." मी हत्ती पुसला. धोंडूभाऊंना ते सहन झालं नाही.

"पेंटर, हत्ती पुसला व्हय रं? लय झाक हुता की!"

"बाई म्हणाल्या, तिथं माणसं राहतात."

"मग ऱ्हाऊ द्या की! हत्ती काय त्यास्नी खातुया?"

अकराव्या दिवशी मी शेवटचा हात मारला. नद्या मी फार मन लावून काढल्या होत्या. नकाशासंग्रहात नदी म्हणजे एकाच जाडीची निळी रेघ. ते मला पटलं नाही. खरी नदी उगमाला बारीक असते आणि पुढे जाड होत जाते, हे इंद्रायणीच्या काठी वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणून मी प्रत्येक नदी निमुळती काढली. मग ब्रश धुऊन, इस्त्रीचा शर्ट चढवून बाईंसमोर उभा राहिलो. "पुरा झाला. सही करू?"

बाई भिंतीजवळ गेल्या. काँगोच्या मुखावर बोट ठेवलं. "ही कुठून कुठं वाहते?"

"इकडून तिकडं. समुद्राकडून आत."

"आणि आत जाऊन?"

मी पाहिलं. आत नदी जाड होत होत डोंगरात जाऊन थांबली होती. पुढे काही नव्हतं. पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही.

"जिरत असेल," मी म्हणालो.

बाई हसू लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या, पदराने डोळे पुसले. मी रागाने लाल झालो. खालची ऑरेंज नदी तशीच, वरची सेनेगल तशीच. पश्चिमेला समुद्राशी बारीक, पूर्वेला जाड. झांबेझी आणि आणखी एक तेवढ्या बरोबर आल्या होत्या, त्याही नशिबाने. नाईलचं ऐकून माहीत होतं म्हणून ती वाचली.

"अहो, तुम्ही खरे मावळचे!" हसू आवरून बाई म्हणाल्या. "आपल्याकडं नदी पश्चिमेला जन्मते. समुद्र तिकडं घाटाखाली हाकेच्या अंतरावर, पण इंद्रायणी त्याच्याकडं पाठ करते आणि पूर्वेला निघते. भीमेत जाते, कृष्णेत जाते, पार दुसऱ्या समुद्राला मिळते. तुम्ही सगळ्या आफ्रिकेला मावळची रीत लावलीत."

"पुस्तकात बाण नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता," बाई लगेच म्हणाल्या. "ही पुस्तकाची चूक. तुम्ही भिंतीवर बाण काढा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खा वर्ग भिंतीपुढे बसवला. आता माझी शोभा होणार, म्हणून मी शिडीमागे उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "पेंटरकाकांनी नद्या आपल्या इंद्रायणीसारख्या काढल्या. आफ्रिकेतली एक नदी खरोखर तशी आहे. कोणती?" ती नायजर. पश्चिमेच्या डोंगरात, समुद्राच्या जवळ जन्मते, पण समुद्राला पाठ दाखवून वाळवंटाच्या दारापर्यंत जाते, तिथून वळते आणि मग खाली दक्षिणेच्या समुद्राला मिळते. परदेशी भूगोलवाल्यांना पिढ्यान् पिढ्या कळेना की ही जाते कुठे. बाईंच्या वर्गातल्या पोरांना पाच मिनिटांत कळलं. आणि ऑरेंज म्हणजे आपल्या कृष्णेचं आरशातलं रूप: पूर्वेच्या डोंगरात जन्म, पश्चिमेच्या समुद्रात शेवट. त्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत बाईंनी आफ्रिकेचा धडा माझ्या चुकीपासून सुरू केला, आणि एकदाही तिला चूक म्हटलं नाही. "पेंटरकाकांचा प्रश्न" म्हटलं.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा अशीच होती. दूरचं काही सांगायचं तर आधी जवळचं हातात द्यायचं. एकदा त्यांनी मूठभर नाचणी आणून माझ्या तळहातावर ठेवली. "ही कुठली?" मी म्हटलं, आमच्या वरकसाची, डोंगरउताराची. "त्याच्या आधी?" मला काय ठाऊक! त्यांनी इथिओपियाच्या उंच पठारावर बोट ठेवलं. "माहेर इथलं. आपल्याकडं येऊन किती पिढ्या झाल्या, ते तिलाही आठवत नसेल." जंजिऱ्याचा सिद्दी आम्हाला शाळेत फक्त शत्रू म्हणून भेटला होता. त्याचे पूर्वज कुठून आले, कोणी त्यांना गलबतात घालून आणलं, आणि विकली गेलेली माणसं या मुलखात सरदार कशी झाली, हे बाईंनी त्या भिंतीपुढे उभं राहून सांगितलं. धोंडूभाऊ घंटा द्यायला विसरले.

मी सही मागत राहिलो. लोणावळ्याच्या बाजूचा पाऊस भिंतीला काय करतो ते इथल्या माणसाला माहीत आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेवाळ खरवडून नकाशा पुन्हा जागता करावा लागायचा. आणि दरवर्षी काहीतरी निघायचंच. आधी कळलं की नकाशासंग्रह जुना होता आणि झैरेचं नाव बदलून काँगो झालंय. मग सुदानचे दोन देश झाले, दक्षिणेकडचा नवा रंग मी तीनदा मिसळला. स्वाझीलँडचं एस्वातिनी झालं, एवढ्याशा जागेत एवढं नाव! बाई निवृत्त झाल्या तरी दिवाळीत औंढ्याहून यायच्या, डब्यात तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी घेऊन. आधी मला जेवायला बसवायच्या आणि मग बोट ठेवायच्या.

"बाई, सही?"

"पुरा झाला का?"

आणि मागून धोंडूभाऊ, "औंदा बी न्हाई व्हय? पेंटर, तुजं नाव आता आदारकार्डावरच वाच बाबा!"

मधल्या काळात फ्लेक्स आले आणि हाताने पाटी रंगवून घेणारं गिऱ्हाईक संपलं. मी ब्रश गुंडाळून ठेवले आणि कुणालाच काही बोललो नाही. बाईंना कसं कळलं ते आजही माहीत नाही. एका सोमवारी त्या घरी आल्या, म्हणाल्या, "चला," आणि मला घेऊन पवनेच्या बाजूच्या शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगायच्या, "हे नकाशे करतात." एकांनी मला आपादमस्तक पाहून विचारलं, "शिक्षण किती झालंय?" माझी मान खाली गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आफ्रिका चालू आहे. बाकीचे खंड त्यानंतर." त्या सरांनी मान डोलावली, त्यांना काय वाटलं देव जाणे. मावळात आज आणखी सात शाळांच्या भिंतींवर माझे नकाशे आहेत. त्या सातही भिंतींवर माझी सही आहे. पहिलीवरच नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाई लोणावळा स्टेशनवर गाडीची वाट पाहत होत्या. बाकावर मलावी देशाची एक मुलगी बसली होती, चिसोमो नावाची, पुण्यात नर्सिंग शिकणारी, भुशी धरणावर भिजून आलेली. दुसरं कोणी असतं तर चोरून बघत राहिलं असतं. बाईंनी तिच्या पिशवीवर मलावीचं नाव वाचलं आणि सरळ शेजारी बसून विचारलं, "गाव कोणतं तुझं? तळ्याच्या काठचं की डोंगरातलं?" ती मुलगी उडालीच. इथे तिला सगळे एवढंच विचारत, की तू आफ्रिकेची का. पुढच्या रविवारी बाई तिला शाळेत घेऊन आल्या. चिसोमोने भिंतीवर आपलं तळं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि एकदम वळून हिंदीत म्हणाली, "यह न्यासा किसने लिखा? यह लेक मलावी है!"

मी पुस्तक दाखवलं. ती ऐकेना. तळ्याच्या पलीकडच्या देशातले लोक न्यासा म्हणतात, आम्ही नाही! बाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "ऐकलं का पेंटर? काठ दोन, नावं दोन. दोन्ही बसवा." लांबट तळ्यात दोन नावं बसवायला मला दीड दिवस लागला. चिसोमोने जाताना बाईंच्या डब्यातली नाचणीची भाकरी खाल्ली आणि म्हणाली, आमची आजी या धान्याचं पेय करते. मग तिने विचारलं, "नक्शा किसने बनाया? नाम कहाँ है?" मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आभाळाकडे पाहिलं.

आता यंदाच्या दिवाळीचं. मी शेवाळ खरवडत होतो. बाई आल्या, या वेळी काठी टेकत, धोंडूभाऊंच्या नातवाच्या रिक्षातून. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. नकाशाला नाक लावून त्यांनी इंच इंच पाहिला. कुठेच बोट ठेवलं नाही. मग म्हणाल्या, "पेंटर, सही करा."

सत्तावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं अचानक आलं. मी म्हटलं, "पुरा झाला?"

"नकाशा कसला पुरा होतोय! पण मी आता पंच्याहत्तरची. तुमचं नाव राहून गेलं तर माझ्या मनाला लागेल."

मी चार नंबरचा ब्रश काढला. पण तो महासागरात नेला नाही. शिडी घेतली आणि खाली दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटाच्या वरच्या अंगाला लावली. गेल्या पावसाळ्यात वाचता वाचता मला एक नदी सापडली होती, आमच्या जुन्या नकाशासंग्रहात जिचा पत्ता नव्हता. ओकावांगो. अंगोलाच्या डोंगरात पश्चिमेला जन्मते, समुद्राला पाठ करते, आत निघते, आणि समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. वाळवंटात हाताच्या बोटांसारखी पसरते आणि थोडी उन्हात, थोडी वाळूत संपते. मी ती बारीक सुरू केली, जाड करत नेली, आणि शेवटी पंजा उघडावा तशी उघडली.

"बाई," मी शिडीवरून म्हणालो, "जिरते."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या काठी टेकत भिंतीशी आल्या आणि ओल्या रंगाच्या अगदी जवळ बोट धरून राहिल्या. शाळेत दिवाळीच्या शिबिराला मुलं आली होती. बाईंनी त्यांना हाक मारून गोळा केलं आणि त्यांच्यासमोर म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांपूर्वी हे म्हणाले होते, नदी आत जाऊन जिरत असेल. मी हसले. पायरीवर बसून हसले. या नदीचं एक वाक्य मी कधीतरी वाचलं होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही, आणि आठवायला थांबलेही नाही. पेंटर, माझं चुकलं."

पंच्याहत्तर वर्षांच्या शिक्षिकेने भर मैदानात, मुलांदेखत असं म्हणावं! मी शिडीवरून उतरताना दोन पायऱ्या चुकलो. मापात चुकत नाही म्हणणारा मी!

"आता तरी करा सही," बाई म्हणाल्या.

मी खाली बसलो. हिंदी महासागरात, मादागास्करच्या खाली, चार इंची अक्षरांची जागा सत्तावीस वर्षं नुसती निळी रंगवत आलोय. तिथे ब्रश नेला. मागे धोंडूभाऊ उभे होते. नेहमी टोमणा मारणारा तो माणूस हळूच म्हणाला, "पेंटर, नाव टाकलंस तर बाई फुडल्या दिवाळीला कशापायी येतील रं हितं?"

मी ब्रश निळ्या रंगात बुडवला, ती जागा नेहमीसारखी निळी केली आणि उठलो. बाईंना म्हटलं, "ओकावांगो अजून ओली आहे. वाळली की रंग उतरतो, परत एक हात द्यावा लागेल. पुरा नाही झाला."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. रंग वाळायला किती वेळ लागतो ते त्यांना चांगलं माहीत आहे. पण त्यांनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "आधी जेवून घ्या."

बाई, या ग्रंथात पुष्कळ जण तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील आणि त्यांच्या शब्दांची सर माझ्या शब्दांना येणार नाही. मी माझ्या रीतीने सांगतो. तुमचा दुसरा डोळा बरा होऊ दे, गुडघे औंढ्याचा चढ चढू देत, आणि दर दिवाळीला तुम्ही भिंतीपुढे येऊन बोट ठेवत राहा. कुठेतरी एखाद्या देशाचं नाव बदलेल, एखादं तळं आटेल, एखादी नदी आपल्याला नव्याने सापडेल. मी शिडी घेऊन तयार आहे. सहीची मला घाई नाही. हिंदी महासागर मोठा आहे आणि निळा रंग मी भरपूर आणून ठेवला आहे.